धाबं उकरणारी माणसं

माझ्या आजीचं घर धाब्याचं. साक्री तालुक्यातलं लहानसं गाव, मातीच्या जाडजूड भिंती, सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि काड्या, त्यांवर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर खान्देशचं ऊन कितीही तापलं तरी आत माठाशेजारी बसल्यासारखा गारवा असायचा. पण धाबं दरवर्षी माणसांचे हात मागतं. मे संपत आला की मामा पांढरी माती आणायचा, घरातले सगळे शिडीला लागायचे आणि घमेली वर चढायची. उन्हानं पडलेले तडे बुजवले नाहीत, तर मिरगाच्या पहिल्याच पावसात चूल विझणार हे आजीला पक्कं ठाऊक होतं.

मी नऊ वर्षांची असेन. संडेस्कूलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट शिकून आले होते. कफर्णहूम गावात येशू एका घरात बोलत बसलाय, दारात मुंगीला शिरायला जागा नाही. चौघं जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात. आत जाता येत नाही म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज दोरांनी थेट येशूसमोर सोडतात. ओट्यावर बसून मी आजीला हे सगळं हातवारे करून सांगितलं. आजीनं शेंगा फोडता फोडता शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, “मंग ते धाबं कोनी नीट करं?”

मी हसले. मला वाटलं, आजीला गोष्ट कळलीच नाही.

लूक आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सांगताना कौलं काढल्याचं लिहितो. मार्क मात्र छप्पर उकरल्याचं लिहितो. धाब्याखाली वाढलेल्या माणसाला मार्क लगेच दिसतो. खालच्या लोकांच्या डोक्यावर पडणारी माती, काड्यांचा कचरा, अचानक आत घुसलेला उजेडाचा चौकोन आणि कोपऱ्यात उभी, आ वासून वर पाहणारी घरची बाई. माझ्या डोळ्यांसमोर ती बाई नेहमी आजीच असते.

२०१५च्या पावसाळ्यात आई गेली. मी थोरली, त्यामुळे दवाखाना, पुरणं, पाहुणे, कागदपत्रं, सगळं मीच केलं. नवापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवत होते, घरी दोन मुलं होती, आणि माझे मिस्टर एसटीत कंडक्टर. त्यांची आठवड्यातून दोन-तीन दिवस मुक्कामी गाडी असायची. मी रडलेसुद्धा फारशी नाही. मग जानेवारीत झोप गेली. रात्री अकराला डोळा लागायचा आणि पहाटे तीनला कुणीतरी हलवून उठवल्यासारखी जाग यायची. त्यानंतर उजाडेपर्यंत छातीत काहीतरी गच्च धरून ठेवलेलं. कालवणात मीठ आहे की नाही ते कळेना. वर्गात हजेरी घेताना एका नावावर थांबले की पुढचं नाव वाचायला बळ गोळा करावं लागे. मुलं माझ्याकडे बघत राहायची.

सगळे म्हणत, आईचं दुःख आहे, जाईल हळूहळू. मलाही आधी तसंच वाटलं. पण दुःख काय असतं ते मी पहिल्या चार महिन्यांत पाहिलं होतं. तिची साडी हातात आली की भडभडून यायचं, आणि तासाभरानं मुलांच्या एखाद्या बोलण्यावर हसूही यायचं. आता तसं काहीच होईना. आईची आठवणसुद्धा येईना. कापूस वेचून झाल्यावर शेतात पऱ्हाट्या उभ्या असतात ना, तशी मी उभी होते.

आणि प्रार्थना. आमच्या घरात रात्री जेवणाआधी घरभक्ती होते, आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हापासून ती कधी चुकलेली नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असं मी सुरू करायचे आणि ‘आमची रोजची भाकर’पर्यंत पोचता पोचता शब्द गळून पडायचे. मुलगा पुढचं म्हणून टाकायचा. लहानपणापासून ज्याच्याशी मी बोलत आले त्याचं दार आता आतून लागलंय, आणि ते माझ्याच कुठल्यातरी चुकीमुळे लागलंय, असं मला ठाम वाटू लागलं. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची. बाकीचं मी सोसलं असतं.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं जागेवर. त्यांनी चिठ्ठीवर धुळ्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या हातात न देता मिस्टरांच्या हातात दिली. आम्ही कुणाला न सांगता गेलो. विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री. घाटात मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि मनात एवढंच होतं की आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणी या गाडीत नसू दे.

त्या दवाखान्याच्या बाकावर मी पहिल्यांदा पाहिलं की मी एकटी नाही. एक म्हातारे शेतकरी सांगत होते, अंगात आग होते, पायाला मुंग्या येतात, सगळ्या तपासण्या झाल्या. एक तरुण मुलगी आपल्या सासूचा हात धरून बसली होती. ‘मन’ हा शब्द तिथं कुणाच्याच तोंडी नव्हता. आपल्याकडे मन दुखलं की माणूस डोकं दुखतं म्हणतो, जीव घाबरतो म्हणतो, छातीत गोळा येतो म्हणतो. डॉक्टरांनी मात्र नीट ऐकून आजाराचं नाव सांगितलं: नैराश्य. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तिची दारूसारखी सवय लागत नाही. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, कमी करायची तर हळूहळू आणि मला विचारून. हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मिस्टरांकडे बघून.

एप्रिलपर्यंत मी सकाळी पाचपर्यंत झोपू लागले होते. वरणाला चव आली होती.

मे महिन्यात आमच्या भागात तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थना सभा झाल्या. बाहेरून एक सुवार्तिक, म्हणजे फिरते प्रचारक, आले होते. त्यांचा आवाज मायाळू होता आणि त्यांचा हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेमकी हीच गोष्ट घेतली. येशू त्या माणसाला आधी म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, आणि मग म्हणतो, ऊठ. म्हणजे आधी पाप, मग रोग, असं त्यांनी उलगडून सांगितलं. प्रार्थनेला मी पुढे गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, बाई, कोणतं पाप लपवलंय?

नैराश्य झालेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. कळकळीनं सांगते, कधीच विचारू नये. कारण विनाकारण अपराधी वाटणं हे या आजाराचं एक लक्षणच आहे, जसा हिवतापात थंडीचा कडाका असतो तसं. मला विचारल्याबरोबर मी पापांची रास काढली. आईच्या शेवटच्या आठवड्यात तिनं तिसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा मी वैतागले होते. एकदा तिच्या औषधाची वेळ चुकली होती. मुलाला मारलं होतं. चर्चला द्यायचा दशमांश दोन महिने दिला नव्हता. मी सांगत गेले, ते ऐकत गेले, आणि प्रत्येक कबुलीनं मोकळं व्हायच्या ऐवजी मी आणखी खोल जात राहिले. शेवटी ते म्हणाले, आता विश्वास ठेव. प्रभूनं बरं केलं असेल तर या गोळ्या कशाला?

मी गोळ्या मोरीत टाकल्या. तिसऱ्या दिवशी साक्ष दिली. उभी राहिले आणि म्हणाले, प्रभूनं मला मोकळं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भगिनी मंडळाच्या बाया रडल्या. चार दिवसांनी चक्कर येऊ लागली, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. ते गोळी अचानक बंद केल्यानं होत होतं, पण मला कोण सांगणार? जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी परत अंथरुणावर होते, आधीपेक्षा वाईट. आणि आता मला कुणाला सांगताही येत नव्हतं. साक्ष दिली होती ना मी.

त्या दिवसांत मला जगू नये असं वाटलं. एवढं लिहिते आणि पुढे जाते.

मावशी दोंडाईच्याहून गाडीनं आली. मिस्टरांनीच फोन केला होता. मावशी चौथी शिकलेली, बोलणं सगळं अहिराणीत. तिनं आल्यावर बायबल उघडलं नाही, कारण विचारलं नाही. लुगड्याचा पदर खोचला आणि चुलीपाशी गेली. कळण्याची भाकर, वर तेल आणि शेंगदाण्याची चटणी एका ताटलीत घेऊन माझ्या अंथरुणाशी बसली. “ऊठ माय, दोन घास खाई ले.” मी दोन घास खाल्ले आणि परत आडवी झाले. संध्याकाळी परत तेच. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं, गुंता सोडवला, पाणी तापवून न्हाऊ घातलं. मी म्हटलं, मावशी, मला प्रार्थना येत नाही आता. ती म्हणाली, “मी करसू. तू नुसती बठ.”

कितीतरी महिन्यांनी एलीयाची गोष्ट वाचताना मी मध्येच थांबले. बायबलातलं पहिलं राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, मला मरण दे. देव त्याला रागावत नाही, तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. देवदूत येऊन त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि परत म्हणतो, ऊठ, खा. बोलणं फार नंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर, होरेब डोंगरावर. मावशीनं हा अध्याय कधी वाचला होता की नाही, मी विचारलं नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मिस्टरांनी सांगितलं, मला न कळवता. पाळकसाहेब आले, खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या सभेला त्यांना मी बोलावलं होतं. ती जबाबदारी माझी आहे. उद्या धुळ्याला मी तुमच्याबरोबर येतो.” आणि आले. दवाखान्यात आमच्याबरोबर त्याच बाकावर बसले, पांढऱ्या सदऱ्यात, सगळ्यांना दिसतील असे. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “प्रार्थना सोडू नका. पण गोळी मला विचारल्याशिवाय सोडू नका.” ते स्वतः ख्रिस्ती नव्हते.

शाळेत माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाईंनी महिनाभर माझा वर्ग आपल्या वर्गात बसवून घेतला. एका खोलीत दोन वर्ग, पंचावन्न मुलं.

बरी होत असताना मी मार्कचा दुसरा अध्याय परत वाचला, भीत भीत, कारण त्यानंच मला मारलं होतं. आणि जे दिसलं ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं. लिहिलंय की येशूनं ‘त्यांचा विश्वास’ पाहिला. त्या माणसाचा विश्वास पाहिला, असं कुठे आहे? बाजेवरचा माणूस त्या संपूर्ण गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. बरं कर असं मागत नाही, पाप कबूल करत नाही, शेवटी आभार मानतानासुद्धा त्याचं वाक्य नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, मार्कला लिहावंसं वाटलं नाही. चौघांच्या हातांना दोराचे वळ पडले असतील, येशूनं ते पाहिले. आणि तो जे पहिलं बोलला ते ‘मुला’. क्षमा न मागता दिली आणि कबुलीची अट घातली नाही. अपराधानं चेपलेल्या माणसाला आधी तेच ऐकायला हवं असेल, हे त्यानं ओळखलं असेल का? मला तसं वाटतं. पाप आणि रोगाचा हिशेब जुळवायला निघालेल्या शिष्यांना त्यानं योहानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाबद्दल साफ सांगितलं आहे की त्यानंही पाप केलं नाही आणि त्याच्या आईबापांनीही नाही.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून आजही आजारी माणसाला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. वर्तमानपत्रवाले तिला बांबूलन्स म्हणतात. बाळंतीण असो, साप चावलेला असो, अर्ध्या रात्री माणसं उठतात आणि खांदा देतात. मनाच्या दुखण्यासाठी मात्र झोळी बांधलेली मी पाहिली नाही. तिथं आपण माणसाला म्हणतो, तूच ऊठ, तूच मनाला आवर, तूच विश्वास ठेव. ज्याचे पाय गेलेत त्यालाच धाब्यावर चढायला सांगतो.

आमच्या लोकांबद्दल एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. आमच्या आजोबा-पणजोबांनी भगताचं दार सोडलं, पण बाधेची भीती आम्ही बरोबर घेऊन आलो. कुणी विचित्र बोलू लागलं, दिवसदिवस गप्प बसलं, की पूर्वी भगताकडे न्यायचे आणि आता रात्रभराच्या प्रार्थनेला नेतात. प्रार्थनेला माझी ना नाही, माझ्यासाठी केलेल्या प्रत्येक प्रार्थनेची मी ऋणी आहे. पण दार बंद करून माणसाला धरून ठेवणं, उपाशी ठेवणं, बांधणं ही प्रार्थना नव्हे. तमिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१मध्ये आग लागली तेव्हा श्रद्धेच्या आसऱ्याला आणलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. ही गोष्ट कोणत्याही एका धर्माची नाही, प्रत्येक प्रार्थनाघरानं ती आपली समजावी. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी घातली आहे. पण बायबलातली गरसेकरांच्या प्रदेशातल्या, कबरींत राहणाऱ्या माणसाची गोष्ट आम्ही किती वर्षं वाचतोय! त्याला साखळ्या घालणारे गावकरी होते. येशू भेटल्यावर तो कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला असा बसलेला दिसतो आणि येशू त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांत पाठवतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ साली देशभर केलेल्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता असं आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आमच्या मंडळीत रविवारी दीडशे मोठी माणसं बसतात. मी बाकांकडे बघत हिशेब केला: पंधरा-सोळा जण. मग मला चेहरे दिसू लागले. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आई. रोज पिणारा आणि रविवारी सगळ्यात मागे बसणारा एक भाऊ. बारावीत नापास झालेली, गाणं गायचं सोडलेली मुलगी. राज्यातली ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, सगळीच आमच्यापासून लांब. पण आता जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजारांवर तपासणी आणि औषध मिळतं. ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर आहे, दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पाळकसाहेबांनी तो मंडळीच्या फलकावर, रविवारच्या गीतांच्या क्रमांकांशेजारी, खडूनं लिहून ठेवला आहे. पुसट झाला की मी परत गिरवते.

ज्यांना अजून वाटतं की डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास, त्यांना मी ई. स्टॅन्ली जोन्स यांच्याबद्दल सांगते. हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ साली भारतात आले. पहिल्या काही वर्षांतच कामाच्या ओझ्यानं त्यांचं मन आणि शरीर पुन्हा पुन्हा कोलमडलं, सुट्टी घेऊन मायदेशी जावं लागलं, परतल्यावर परत तेच. लखनौमध्ये प्रार्थना करताना आपल्याला बळ मिळालं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. त्याच माणसानं १९५० साली त्याच लखनौमध्ये नूर मंजिल हे मानसोपचार केंद्र काढलं. प्रार्थनेनं उभा राहिलेला माणूस दुसऱ्यांसाठी दवाखाना बांधतो, त्यात त्याला विसंगती वाटली नाही. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. वैद्यकी सोड असं त्यानं लूकला कुठे लिहिल्याचं मला सापडत नाही.

साक्षीबद्दलही आम्ही आता बोलतो. आमच्याकडे साक्ष म्हणजे सुटकेनंतरची गोष्ट: होतो असा, आता आहे असा. पण दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीतही उजेड येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, मंदिरात गायलं गेलं आहे. खुद्द प्रभूनं गेथशेमाने बागेत शिष्यांना सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्यानं तिथं बरं करणारं कुणी मागितलं नाही, सोबत मागितली. मागच्या वर्षी भगिनी मंडळात एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, “मी गोळ्या घेते आहे, अजून बरी नाही, प्रार्थना करा.” एवढंच बोलून बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या दोघी सरकून तिला चिकटून बसल्या.

मी गोळी दीड वर्ष घेतली, मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. २०२१मध्ये परत काही महिने लागली. आता नाही. लागली तर घेईन.

आजीचा प्रश्न मात्र राहिलाच होता.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मामानं घराच्या पुढच्या भागाला स्लॅब टाकला, मागच्या दोन खोल्यांवर अजून धाबं आहे. गेल्या मे महिन्यात मामाची पाठ धरली होती म्हणून आम्ही दोघं माती टाकायला गेलो. मी खालून घमेली द्यायची, मिस्टर वर पसरवायचे, मग मीही वर चढले आणि दोघं मिळून चोपणं घेऊन माती बसवू लागलो. सकाळचे आठ वाजले असतील, ऊन अजून मऊ होतं. मी त्यांना आजीचा प्रश्न सांगितला. कफर्णहूमच्या त्या घराचं धाबं मग कोणी नीट केलं असेल?

ते थोडा वेळ चोपत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, “त्या वर्षी मुक्कामी गाडीला मला झोप लागायची नाही. तू घरी एकटी, असं वाटायचं. पहाटे पहिली गाडी काढताना हात थरथरायचे. दोनदा तिकिटाच्या पैशांचा हिशेब चुकला, खिशातून भरले. सगळे विचारायचे, बाई कशा आहेत. बरं वाटायचं विचारलं की. पण...” पुढे बोलले नाहीत.

आठ वर्षं मी हे विचारलं नव्हतं. मी साक्ष दिली, मंडळीत बोलले, बायांना धुळ्याला घेऊन गेले, आणि माझ्या डोक्यावरच्या छपराला पडलेलं भोक मला दिसलं नाही. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हात मातीनं पांढरे झाले होते, दोघांचेही.

“अहो, आज तरी सांगा ना सगळं,” मी म्हटलं.

ते तुळईच्या टोकाशी बसले आणि बोलू लागले. मामानं खालून हाक मारली, माती संपली का म्हणून. मी वाकून सांगितलं, अजून दोन घमेली लागतील, पण घाई नाही. मग परत त्यांच्याजवळ जाऊन बसले.